आंधळी बरणी

आंधळीच्या नळीत टुपुक झालं, तेव्हा तिला आधी वाटलं आपलंच पोट वाजलं. सकाळी नुसत्या चहावर घराबाहेर पडलेली बाई, पोट वाजायचंच. ती टेबलाशी वाकून दिव्याची मान सरळ करत होती. मग परत टुपुक. या खेपेला तिनं पाहिलं. काळ्या कापडात गुंडाळलेल्या बरणीच्या टोपणातून निघालेली नळी पाण्याच्या भांड्यात बुडवलेली होती. तिच्या तोंडाशी मोहरीएवढा एक बुडबुडा जमला, फुगला, जरा लाजल्यासारखा थांबला आणि सुटला. मेलेल्या माणसानं डोळा मारावा तसं तिला झालं.

आंधळीनं बुडबुडा सोडायचा नसतो. तिचा जन्मच त्यासाठी. टेबलावर पहिल्यापासून दोन बरण्या असायच्या, जुळ्या बहिणींसारख्या. दोघींच्या पोटात एकच माल: शेतातल्या वाळक्या काड्या कुटून, शिजवून, मुरवून काढलेलं गोडसर पाणी, त्यात पालेभाजीच्या रसासारखा हिरवा रंग, आणि तिनं महिनोन्‌महिने जपून वाढवलेलं एन्झाइम. हिरवा रंग उजेड झेलायचा, एन्झाइमला ढोसायचा, आणि एन्झाइम त्या पाण्यातून हायड्रोजन सोडवून द्यायचं. गवताच्या काडीतून निघालेलं इंधन, जळलं की धूर नाही, राख नाही, नुसतं पाणी. एक बरणी दिव्याखाली, ती डोळस. दुसरी काळ्या कापडात, ती आंधळी. डोळशीनं बुडबुडे सोडायचे आणि आंधळीनं गप्प बसायचं, म्हणजे कळायचं की ही करामत उजेडाची आणि एन्झाइमची, दुसऱ्या कशाची नाही. आंधळी बोलली की डोळशीच्या बोलण्याला कवडीची किंमत नाही. हे ती नव्या येणाऱ्या प्रत्येकाला इतक्यांदा सांगायची की तिला मागून सगळे 'आंधळीची आई' म्हणत. आणि गेले कित्येक महिने आंधळी कपाटात पडून होती. "अगं, तिला कशाला पोसतेस?" नवरा म्हणाला होता. "बिनकामाची जाऊ नुसती. जागा अडवते, माल खाते. डोळशी एवढी झकास चाललीय, आता कुणाला पुरावा द्यायचाय?" तिलाही पटलं होतं. सुखाच्या दिवसात पुरावे कोण मागतो? पण आज दुपारी पाहुणे यायचे होते, साखळीच्या चष्म्यांचे, प्रश्न विचारणारे. म्हणून सकाळी लवकर येऊन तिनं आंधळीला कपाटातून काढली, पुसली, भरली, जुन्या जागी ठेवली, जुनी नळी जुन्या तोंडाला जोडली. नवरा खालच्या मजल्यावर खुर्च्या मांडून घेत होता. त्याला हे सांगायचं राहून गेलं. म्हणजे मुद्दाम नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

कापडाला भोक असेल, तिनं स्वतःला सांगितलं. उजेड शिरत असेल. तिनं दिवा विझवला, खिडकीवर पडदा ओढला आणि अंधारात कान देऊन उभी राहिली. टुपुक. थोड्या वेळानं टुपुक. आणि मग डोळशीच्या बाजूनं, तितक्याच बेतानं, टुपुक. दोघी बहिणी अंधारात एकमेकींना हुंकार देत होत्या.

नळ्या हे नवऱ्याचं खातं. बरण्यांत काय घालायचं ते तिचं, बरण्यांना काय जोडायचं ते त्याचं. लग्न ठरलं तेव्हा त्यानं तसं चक्क सांगितलं होतं, "जीव तुझे, पाइपं माझी." सगळी इमारत त्याला पानेवाला म्हणायची, कारण खिशात कायम एक पाना. लग्नातल्या फोटोतही आहे, कोटाच्या खिशातून डोकं काढून बघतोय. त्याच्या हातात जादू होती. गळकी टाकी, रुसलेला पंप, घरच्या न्हाणीतला थेंबथेंब नळ, तो नुसता जवळ जाऊन उभा राहिला तरी वस्तू सावरून बसायच्या. ती गमतीनं म्हणायची, याच्या धाकानं पाऊससुद्धा गळायचा थांबेल. अंधारात तिनं बोट टेबलाच्या मागच्या कडेवर ठेवलं आणि नळीवरून सरकवत नेलं. सुरुवातीला हवा हाकलण्यासाठी बरण्यांत दुसरा निरुपद्रवी वायू सोडतात, त्याची नळी तिला ठाऊक होती. हवा म्हणजे एन्झाइमचा काळ, जरा लागली की ते मेलंच. पण त्या नळीला मागून एक फाटा होता, बोटाला लागला, बारीक, केसाळ धूळ बसलेला. म्हणजे कालपरवाचा नव्हे. फाटा भिंतीला धरून खाली गेला, कपाटामागे गेला, आणि वायू तपासायच्या यंत्राशेजारी उभ्या असलेल्या लाल टोपीच्या नळकांड्याला जाऊन मिळाला. त्यात विकतचा हायड्रोजन असतो. यंत्राला लागतो. मधे एक चिमटा होता, नळी दाबून धरणारा, आणि तो जरासा, केसभर, सैल होता. चिमटा जिथं बांधला होता तिथली तार तिनं चाचपली. तारेचं टोक आत वळवून त्याचा नाजूक वेढा केलेला होता. कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. असा वेढा जगात एकच माणूस करतो. घरच्या कपडे वाळत घालायच्या तारेला आहे, तिच्या चष्म्याच्या तुटक्या काडीला आहे. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, बोट त्या वेढ्यावर ठेवून. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

आणि मग सगळे बुडबुडे उलटे परत यायला लागले. तापानं फणफणत ती कामावर आली होती, त्या दिवशी बरणी मंद होती. तो म्हणाला होता, "बघ, तुझ्याशिवाय तिला करमत नाही." तिच्या वाढदिवसाला बरणी अशी उधळली होती की पाण्याच्या भांड्याला उकळी फुटल्यासारखं झालं, आणि ती येड्यासारखी हसत सुटली होती. एन्झाइमला मालकीण कळते, असं ती नंतर सगळ्यांना सांगत सुटली. लाडानं सांगत सुटली. भांडण झालं की दोन दिवस बुडबुडे बेताचे, समेट झाला की सढळ. तिनं त्यातून एक भला मोठा तर्क रचला होता, ऋतूचा, पाण्याच्या तापमानाचा, काड्यांच्या जातीचा. परगावी जाऊन त्यावर भाषण दिलं होतं. पहिल्या ओळीत बसून तो ऐकत होता. टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांचा आवाज तिला आता अंधारात स्पष्ट आला. जाड तळव्यांच्या, खऱ्या कौतुकाच्या टाळ्या. त्यात खोट नव्हती, हेच तर भयंकर. माणूस खोट्या गोष्टीसाठी इतक्या खऱ्या टाळ्या कसा वाजवू शकतो?

तिचे वडील थापाडे होते. साधेसुधे नाहीत, नावाजलेले. त्यांच्या थापा एवढ्या उंच की दारातून आत यायला वाकायच्या. शेजारच्या म्हाताऱ्याच्या दाढीत चिमणीनं अंडी घातली, तर पिल्लं उडून जाईपर्यंत बिचारा शिंकलाच नाही. थंडी अशी पडली की लोकांचे शब्द तोंडातून गोठून खाली पडले आणि उन्हाळ्यात चौकात एकदम सगळी भांडणं वितळून ऐकू आली. एकदा त्यांनी तिला गावाबाहेरच्या तळ्यावर नेलं होतं. गवत दिवसभर ऊन पितं, ते म्हणाले, आणि पोट भरलं की ढेकर देतं, तो पेटतो. काठीनं त्यांनी चिखल ढोसला, बुडबुडे आले, काडी ओढली, आणि पाण्यावर निळी ज्योत नाचून गेली. ती कितीतरी दिवस झोपली नाही. पुढं शिकल्यावर तिनं घरी येऊन ठणकावलं, "बाबा, तो चिखलातला वायू होता! गवताचा ढेकर नव्हता काही." तर ते म्हणाले, "मग काय झालं? अर्ध्या वाटेपर्यंत मी आणून सोडलं, पुढं तू चाल." ती चालली. आख्खं आयुष्य त्या थापेच्या दिशेनं चालली. पण थाप मारताना बाबांची डावी भुवई जरा वर जायची. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "ह्यांच्या थापेला खिडकी असते गं, बाहेरून आतलं दिसतं." मुलीनं खिडकीतून डोकावून हसावं, म्हणूनच तर बाबा थापा मारत. हिच्या नवऱ्यानं जे बांधलं होतं त्याला खिडकी नव्हती. दार नव्हतं. आत ती होती, आणि तिला तेसुद्धा माहीत नव्हतं.

आई. आईचं नाव मनात आलं तसं तिच्या हाताला गार लागलं, जणू कुठून वारा शिरला. ती भराभरा उठली, पडदा सरकवला, दिवा लावला, कपबशा शोधू लागली, काहीही करू लागली. पण विचार दारात उभा होता, पाहुण्यासारखा, चपला काढून.

"आज इतक्या लवकर?" तो दोन कप चहा घेऊन आत आला. कोपरानं दार लोटलं. "खाली त्या मोठ्या साहेबांनी जीव खाल्लाय माझा. खुर्च्या निळ्याच का, फुलं कुठायत. लग्न आहे की काय कुणाचं?" आणि मग त्यानं टेबलाकडं पाहिलं. काळं कापड पाहिलं. चहा सांडला नाही. त्याच्या हातून कधीच काही सांडत नाही. पण कप जरा जास्त हळू खाली ठेवला.

"आंधळी कशाला काढलीस?"

"सवय," ती म्हणाली.

"पाहुणे गोंधळतील उगाच. दोन दोन बरण्या बघून."

"गोंधळू देत की."

टुपुक, आंधळी म्हणाली. दोघांनीही ऐकलं. तो खिशातला पाना चाचपत राहिला. ती त्याच्या भुवईकडं बघत होती. भुवई जागच्या जागी.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

तो खुर्चीवर बसला नाही, स्टुलावर बसला, कामगारासारखा. "तू आईकडचं आवरायला गेली होतीस तेव्हा," तो म्हणाला. "डोळशीचं तोंड जरा कुरकुरत होतं. म्हटलं तू येईपर्यंत वंगण लावून ठेवू. टोपण उचललं. एवढंच, अगं, नुसतं उचललं, परत ठेवलं. हवा गेली आत. सकाळपर्यंत सगळं..." त्यानं हात पालथा केला. "तू पंधरवड्यानं आलीस ती अशी, ओल्या कापडासारखी. आई गेलेली. मी काय सांगू? एका महिन्यात दोन दोन मयतं कशी सांगायची माणसानं?"

"मग?"

"मग म्हटलं चार दिवस. तू सावरलीस की सांगू. तर तू सावरलीस ती या बुडबुड्यांवरच सावरलीस. मग कसं काढून घ्यायचं?"

"आणि नंतर मी नवं एन्झाइम केलं. त्यानंतर परत केलं. त्यातलं एखादं जगलं असेल की नाही?"

"असेल. मला काय कळणार?" तो अगदी मनापासून म्हणाला. "मी चिमटा बंदच नाही केला कधी."

तिला हसू आलं. खरंच आलं, पोटातून, बाबांच्या गोष्टीला यायचं तसं. जगातली सगळ्यात मोठी थाप आणि ती मारणाऱ्यालाच ठाऊक नाही की आतमध्ये काही खरं होतं का! तो घाबरला तिच्या हसण्याला. "हे बघ," तो घाईघाईनं म्हणाला, "आजचा दिवस निभावून नेऊ. पाहुण्यांनी हो म्हटलं तर मोठा कारखाना उभा राहील, माणसं मिळतील, जागा मिळेल. मग तू निवांत खरं कर. खरं होणारच आहे गं ते! जरा पुढं, एवढंच. मी फक्त तारीख अलीकडं आणली." बाबा म्हणाले असते, अर्ध्या वाटेपर्यंत आणून सोडलं. शब्द तेच वाटत होते. तेवढ्यानंच तिचा राग उसळला. बाबांचे शब्द या माणसाच्या तोंडात कुठून आले? ते त्यांचे होते, मेलेल्या माणसाचे, आणि यानं तेही नळीनं ओढून आणले होते.

दुपारी पाहुणे आले. साखळीच्या चष्म्याच्या बाई पुढं, मागं त्यांची माणसं, आणि सगळ्यांच्या पुढंमागं नाचणारे मोठे साहेब. डोळशीचा वायू काडेपेटीएवढ्या एका डबीत जात होता. डबीत हायड्रोजनची वीज व्हायची आणि विजेवर एक पिवळ्या कागदाचं भिरभिरं फिरायचं. भिरभिरंही त्यानंच केलेलं, पाकळ्या कशा एकसारख्या. दिवा लावला, भिरभिरं गरगरलं, लोक लहान मुलांसारखे पुढं सरकले. तो भिंतीला पाठ लावून उभा होता, कपाटाशेजारी. ती सांगत होती, काडी, साखर, हिरवा रंग, उजेड. इतक्यांदा सांगितलेलं की जीभ एकटीच चालत होती आणि ती मागे राहून जिभेकडं बघत होती. कारखाना. बाहेर शेतांत जाळून टाकतात त्या काड्यांचे डोंगर, त्यातून इंधन. खरं होणारच आहे. गप्प बसलं तर काय जाईल? तिला वाटलं, काहीच जाणार नाही. आणि मग वाटलं, फक्त आजपासून मीही चिमट्यावर बसलेली असेन, त्याच्या शेजारी, आणि आम्ही दोघं मिळून हळूच कमी-जास्त करत राहू.

"या दुसऱ्या बरणीत काय आहे?" चष्म्याच्या बाईंनी विचारलं.

"ही आंधळी," ती म्हणाली. "हिला उजेड नाही, म्हणून हिनं काही करायचं नाही." आणि तिनं हात पुढं करून दिव्याचं बटण बंद केलं. पडदा तिनं पाहुणे यायच्या आधीच परत ओढून ठेवला होता. खोली करडी झाली. भिरभिरं फिरत राहिलं.

ती वाट बघत उभी राहिली. आता कळेल. आता कुणीतरी श्वास रोखेल, म्हणेल, अहो, हे कसं? सगळे पाकळ्यांकडं टक लावून होते. टुपुक, डोळशी म्हणाली. टुपुक, आंधळी म्हणाली. आणि मोठे साहेब ओरडले, "अंधारातसुद्धा चालतं!"

टाळ्या. छप्पर उडेल अशा टाळ्या. "म्हणजे विजेचा दिवाही नको?" मागून कुणी म्हणालं. "रात्रपाळी करेल की!" हशा. "बाई, हे तर तुम्ही सांगितलंच नाहीत," चष्म्याच्या बाई कौतुकानं रागावल्या. "किती तो विनय!" तिनं भिंतीकडं पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. डोळ्यांनी हात जोडत होता, नको, नको. तिला वाटलं, असं बाबांच्या एखाद्या गोष्टीत घडलं असतं. एका राज्यात एक बाई खोटं उघडं करायला गेली, तर लोकांनी तिला पालखीत बसवलं. ती कपाटाजवळ गेली. त्यानं वाट अडवली नाही, बाजूला झाला, सवयीनं, जसा ती ओट्याशी आली की होतो. तिनं वाकून चिमटा पुरता आवळला. तारेचा वेढा बोटाला लागला, गुळगुळीत.

भिरभिरं लगेच थांबलं नाही. नळीत उरलेल्यावर जरा वेळ फिरलं, पाकळ्या एकेक ओळखू यायला लागल्या, मग मागंपुढं डुललं आणि उभं राहिलं. टाळ्याही तशाच थांबल्या, एकेक करून. तिनं दिवा परत लावला. "हे विकतच्या हायड्रोजनवर चालत होतं," ती म्हणाली. "त्या लाल टोपीच्या. आमचं खरं किती आहे ते मला माहीत नाही. शून्यही असेल." मोठे साहेब घशातल्या घशात काहीतरी म्हणाले. चष्म्याच्या बाईंनी चष्मा उतरवला, तो साखळीला लोंबत राहिला. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. "मी," भिंतीपासून आवाज आला. पाहुणे गेले. खालच्या मजल्यावरून निळ्या खुर्च्या ओढल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

खोलीत दोघंच उरली. दिवा डोळशीवर पडला होता. तो पाना हातात घेऊन उभा, जणू अजून काही घट्ट करायचं राहिलंय. आणि मग डोळशीच्या नळीत, अगदी बारीक, राईच्या अर्ध्याएवढा, एक बुडबुडा जमला आणि सुटला. "बघ!" तो ओरडला. लहान मुलासारखा पुढं धावला. "बघ, चिमटा बंद आहे! हा तुझा आहे, तुझाच!" तिनं पाहिलं. कधीकाळी पहिला बुडबुडा आला होता तेव्हा दोघं याच टेबलाभोवती नाचली होती. आता तिच्या आत काही हललं नाही. नळीत राहिलेला असेल. कोपऱ्यात अडकलेला असेल. "कुणाचा ते कळेल," ती म्हणाली. "आंधळी आहे शेजारी. उद्या बघू, ती बोलते का."

मग दारातला विचार आत आला आणि तिच्या समोर बसला. आई आजारी होती तेव्हा बरणीतलं एन्झाइम पहिल्यांदा टिकायला लागलं होतं. ते सोडून जाता येईना, म्हणून तिच्याऐवजी तो गेला होता. आई गेली तेव्हा उशाशी तो होता. आई तिच्या कामाला 'तुझं ते विरजण' म्हणायची. आणि घरी आल्यावर, उंबऱ्यातच, चपला न काढता, त्यानं तिला आईचं शेवटचं बोलणं सांगितलं होतं: तिला बोलावू नका हो जावईबापू, तिचं विरजण बिघडेल. त्या एका वाक्यावर ती आजवर जगत होती. रात्री कूस बदलताना ते वाक्य उशाखाली आहे ना, हे चाचपून बघत होती.

"आई खरंच तसं म्हणाली होती?" तिनं विचारलं.

त्याला काय विचारलंय ते कळायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी थोबाडीत मारली. "अगं," तो म्हणाला. "म्हणाल्या होत्या. तुझी शपथ. असंच म्हणाल्या होत्या, शब्दन्‌शब्द."

ती त्याच्याकडं बघत राहिली. डोळे, भुवया, तोंडाचे कोपरे. तोच चेहरा होता, रोज सकाळी बरणीकडं बोट दाखवून 'झकास चाललंय' म्हणणारा. प्रामाणिक, दमलेला, मायेचा. खरं असेलही. बरणीच्या शेजारी आंधळी ठेवता येते. त्या खोलीत आई होती आणि तो होता, आणि तिसरं कुणी नव्हतं.

पाठीमागे कुठल्यातरी नळीत टुपुक झालं. कुठल्या, ते तिनं वळून पाहिलं नाही.